निवृत्तीस, नाशिकरोडहून

नाव तुझं निवृत्ती, आणि निवृत्त झालो मी.
एकोणतीस वर्षं प्रेसमध्ये
तिकिटांच्या पाठीला डिंक लावला.
मोर गेले या हातांखालून, सारस गेले,
तावांवर ताव, सगळे पालथे.
एकाचीही हाक ऐकली नाही.

लासलगावच्या एका लग्नात
आपण शेजारी शेजारी पंगतीला बसलो,
हात धुताना तू पत्ता मागितलास.
फोन नाही, पत्ता.

तू पाटबंधारे खात्याचा माणूस,
नांदूरमधमेश्वरला पट्टीवरून
पाण्याची उंची वाचून वहीत लिहिणारा.
तुझी पत्रंही तशीच:
'हळदीकुंकू बदकं चौतीस. एक लंगडं.
चमचे अकरा. गाळात वल्हं मारावं तशी चोच फिरवतात.
पहाटे पारा चारवर. द्राक्षाच्या पानावरचं दव
नखाला कडक लागलं.'

मी उत्तरादाखल गोदेवरचा सूर्यास्त पाठवला,
पान भरून, समासातसुद्धा.
तू उलट टपाली विचारलंस:
'सुंदर म्हणजे किती वाजता?'

राग आला. मग बघायला लागलो.
जेलरोडच्या वडावरची वटवाघळं मोजली,
दोनदा, दोन्ही वेळा वेगळी भरली,
दोन्ही आकडे लिहिले.
दारणेच्या पुलाखाली खंड्यानं
मासा दगडावर सहादा आपटला, मग गिळला.
तू लिहिलंस: 'आता दिसतंय.'
ते पत्र पेन्शनच्या पासबुकात आहे.

मागच्या माघात गुडघा आखडला.
तीन आठवडे खिडकी,
आणि खिडकीत समोरच्या सोसायटीची टाकी.
तुझी पत्रं येत राहिली, बिनचूक.
माझा कोरा कागद मलाच बघवेना.
लिहून टाकलं:
'पांडवलेण्याच्या पायथ्याशी, उंबरावर,
राखी धनेश. जोडी. फार सुंदर दृश्य.'
कडांना डिंक लावला, दाबलं.
हात सराईत.

आणि तू आलास.
सीबीएसवर उतरलास, गळ्यात दुर्बीण,
फडक्यात बाजरीच्या भाकरी,
माझा ठेचा वेगळा, कमी तिखट.
रिक्षानं गेलो. उंबर मला शोधावा लागला,
तोही नुसता अंदाजानं लिहिलेला.
निघाला एक, नशीब.

सकाळी नऊपासून खाली बसलो.
मी वरच बघत होतो,
म्हणजे तुझ्याकडे बघावं लागू नये.
जोडी कुठल्या फांदीवर होती
ते तू विचारलं नाहीस.
दुपारी हायवेचा आवाज वाढला. भाकरी संपल्या.
पाचला तू दुर्बीण पुसून पिशवीत घातलीस,
'आज येत नाहीत,' म्हणालास,
आणि उठताना माझ्या काखेत हात घातलास.

आठवड्यानं पत्र. निफाडचा शिक्का.

'उंबरावर तांबट एक. तीन वाजून पाच ते सव्वाचार
न थांबता ठोकत होता.
खोडावर मुंगळे, उतरणारे कमी, चढणारे जास्त.
पिकली उंबरं पडली एकवीस.
एक तुझ्या टोपीवर. तुला कळलं नाही.
धनेश नव्हता, हे मला घरीच कळलं होतं,
तू सुंदर लिहिलं होतंस.
पण चार वर्षं झाली होती तुला पाहून.
तू बारीक झालायस.
डावा पाय टाकताना ओठ दाबतोस.'

तीन दिवस आंतर्देशीय पत्र टेबलावर उघडं पडलंय,
पेपरवेट म्हणून औषधाची बाटली.
आज लिहितो:

प्रिय निवृत्ती,
टाकीवर साळुंकी एक. पाठमोरी.
सहा वाजून दहा मिनिटं.
मग ती वळली, तेव्हा सहा बारा.
पाय बरा नाही.
टोपीवरचा डाग धुतलेला नाही.